एका बिडीत चार काळ

चामोर्शी, ११ जुलै १९५७

डॉक्टरांनी आज दुपारी बोलावलं. दिल्लीच्या एक वर्षाच्या ट्रेनिंगसाठी आमच्या मलेरिया युनिटमधून एक नाव मागवलंय. माझं पाठवतो म्हणाले. सूक्ष्मदर्शकाच्या कामाबद्दल त्यांना शंका नाही. शंका दुसरीच.

"मुलाखत नागपूरला, दिवाळीनंतर. सगळी इंग्रजीत. तुम्ही तर मराठीतसुद्धा दिवसाला दहा वाक्यं बोलता."

मी म्हटलं, प्रयत्न करीन. "हे अकरावं," म्हणाले आणि हसले. मी हसले नाही.

नाव लागलं नाही तर: इथली जागा मार्चअखेर संपते. मग वर्धा, दादाचं घर, आणि आर्वीच्या स्थळाची ती मंडळी. मुलगी नोकरी सोडणार असेल तरच पुढचं बोलू म्हणून थांबलेली.

इंग्रजी वाचता येतं. ट्रेनिंगची पुस्तकं सगळी इंग्रजीतच होती. वेळ मिळाला तर लिहिताही येतं. तोंडातून मात्र सगळं वर्तमानकाळातच निघतं. काल तपासलेली स्लाइड इंग्रजीत मी अजून तपासतच असते.

१४ जुलै

खिडकीतला उजेड चारपर्यंत पुरतो. ढग असले तर तेवढाही नाही. त्यानंतर काम नाही. खोलीवर येऊन व्याकरणाचं पुस्तक उघडते. आय स्टेन, आय स्टेन्ड. पानावर बरोबर. पुस्तक मिटलं की गेलं.

आज दवाखान्याच्या मागे फेऱ्या मारत मोठ्याने म्हणून बघितलं. लहानूभाऊ (खेड्यांतून रक्ताच्या स्लाइडी गोळा करून आणतो तो) सायकल पुसत होता.

"बाई, एकट्याच काय पुटपुटून राह्यल्या? मले वाटलं, आंगात देव आला का काय."

"इंग्रजी पाठ करते."

"मंग भितीले काऊन आयकवता? युसूफभाईची बहीण आहे ना, बिडीवाली आपा. फाडफाड बोलते सायबावानी. नऊ वर्सापासून इंग्रजीत कोणाशी बोलली नाई म्हणा. बोलाले कोणी आहेच कुठी इथी?"

२० जुलै

गेले. जाण्याआधी तीन वेळा रस्त्यातून परत फिरले, हे फक्त इथे लिहिते.

आपांचं वय चाळिशीच्या आत असेल. वडील निजामाच्या जंगलखात्यात रेंजर. शिक्षण सिकंदराबादला नन्सच्या शाळेत. आता भावाच्या घरी पडवीत बसून बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. मी इंग्रजीत तयार करून नेलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी हात न थांबवता ऐकलं. मग इतक्या सावकाश उत्तर दिलं की मला वाटलं, मला समजावं म्हणून. तसं नव्हतं. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकायचा होता.

मग म्हणाल्या, "हौ, सिखाती मैं. मगर खाली हाथ नक्को बैठो. नन्स हमारे हाथ में कशीदा देते थे और मुँह में वर्ब. हाथ चला तो जबान चलती, विमलबी."

दुसरं सूप माझ्यापुढे ठेवलं.

२७ जुलै

पद्धत अशी. एक पान घ्यायचं, चिमूट तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड मोडायचं, दोऱ्याने बांधायचं. एका बिडीत एक क्रियापद. पान घेताना वर्तमानकाळ. वळताना भूतकाळ. तोंड मोडताना "हॅव". दोरा बांधताना "शॅल". बिडी सुपात पडली की क्रियापद संपलं. पुढचं पान, पुढचं क्रियापद.

आपा घरातली देतात. वॉश. कुक. बॉइल. मी माझी देते. स्टेन. काउंट. एक्झामिन. शेवटी "ड" लावून चालणारीच घ्यायची, अशी अट आहे. "टेढ़े वाले बाद में. पहले सीधे लोगों से मिलो."

माझ्या दोन बिड्यांच्या वेळात त्यांच्या सहा होतात.

९ ऑगस्ट

आज आपांनी माझी एक बिडी उचलून उजेडात धरली, दाबून बघितली.

"इससे धुआँ नहीं निकलेगा, बीबी. इत्ता कसके कैको बांधते? थोड़ी हवा जाने देव."

मी म्हटलं, सैल राहिली तर तंबाखू सांडेल.

"थोड़ी सांडने देव ना."

मला जमणार नाही असं वाटतं. स्लाइडवर थेंब पसरवायची सवय आहे, कडेबाहेर एक ठिपका गेला तर ती स्लाइड मी पुन्हा बनवते.

आजची क्रियापदं बोलताना मात्र अडखळले नाही. परत येताना लक्षात आलं, रस्त्याने मी "आय वॉक्ड" असं म्हणतेय आणि चाललेलं अंतर खरोखर मागे पडतंय.

२१ ऑगस्ट

युसूफभाई दारातच होते. कारखान्याने आपांचे बिड्यांचे कट्टे परत पाठवले. ओढल्या जात नाहीत अशा बिड्या. कोणाच्या ते सांगायला नको.

"बाईसाहेब, आप पढ़ो, खुशी से पढ़ो. पर पत्त्याले हात नोका लावू. तिकडं मालक मले म्हणते, बिडी आहे का खुंटी आहे?"

हसण्यासारखं होतं. आपा हसल्याही. मग युसूफभाई आत गेल्यावर त्यांनी ते परत आलेले कट्टे सोडले आणि एकेक बिडी उकलून परत वळायला घेतली. मी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला.

२५ ऑगस्ट

रिकाम्या हाताने बसले. आपांनी "वॉश" दिलं. चार वर्षांच्या मुलालाही येईल असं क्रियापद. आय वॉश. पुढे काही नाही. आपा वाट बघत होत्या. पडवीच्या पन्हळीतून पाणी गळत होतं. मला "वॉश्ड" माहीत होतं, दिसत होतं, तोंडात येत नव्हतं.

म्हणजे मी इंग्रजी शिकलेच नाही. बिडीच शिकले.

आपा उठल्या, पानं कापून उरलेली कातरण गोळा करून माझ्या सुपात टाकली. तंबाखू नाही. दोरा जुना, तुटका.

"ये युसूफ का माल नहीं, ये कचरा है. कचरा बांधो."

रिकामी बिडी वळली. वॉश्ड आलं.

१२ सप्टेंबर

वैनगंगा दोन्ही थड्यांना लागलीय. डाक नाही. लहानूभाऊ पलीकडे अडकून काल परत आला. स्लाइडींची पेटी डोक्यावर धरून आणली आणि एका रात्रीत मुंग्यांनी अर्ध्या स्लाइडींवरचं रक्त चाटून नेलं. काच स्वच्छ. नाव-गाव तेवढं कोपऱ्यात.

"आता त्या लोकायले म्या परत सुई टोचू? मले मारतीन थे!"

चिखलामुळे आपांकडे चार दिवस गेले नाही. चार दिवसांत बोललेली वाक्यं: लहानूभाऊशी, डॉक्टरांशी, दूधवालीशी. सगळी कामाची. पूर्वीही असंच होतं. पूर्वी ते मोजावंसं वाटत नव्हतं.

३ ऑक्टोबर

आपांना ताप. चार-पाच दिवसांपासून, एक दिवसाआड थंडी वाजून. युसूफभाईंना वाटलं, पावसात भिजल्या म्हणून. मी पेटी घेऊन गेले.

बोट टोचलं. रक्त नाही. दुसरं टोचलं. सुई वाकली. बोटांची टोकं पान आणि दोरा ओढून ओढून इतकी घट्ट झालीत की त्यांना टोचलेलं कळतही नव्हतं. हसल्या. "बोले थे ना, हाथ चलते रहना."

कानाच्या पाळीतून घेतलं. त्यासाठी ओढणी मागे करावी लागली. पाळीला भोक आहे, दागिना नाही. अर्धे केस पांढरे आहेत, हे आज बघितलं.

स्लाइडी क्रमाने बघायच्या असतात. ज्याची आधी आली त्याची आधी. नोकरीला लागल्यापासून तो नियम मी मोडला नव्हता. आज मोडला.

आहेत. लाल पेशींत मलेरियाच्या जंतूंची बारीक कडी. खूप नाहीत, पण आहेत, आणि वाईट जातीची. डॉक्टरांनी लगेच गोळ्या दिल्या.

५ ऑक्टोबर

ताप उतरतोय. आपा पडून होत्या, मी जवळ बसून कातरण वळत होते. डोळे मिटूनच म्हणाल्या, "वर्ब."

मी म्हटलं, रिकव्हर.

"नक्को. छोटा देव."

मी "कॉल" दिलं. त्यांनीच चारी काळ म्हटले. मग इंग्रजीत, छताकडे बघत, जशी कोणाच्या तरी समोर धड्याची उजळणी करावी तसं म्हणाल्या: ते कराचीला पोचले की मला बोलावणार होते.

आजवर हे कधी बोलल्या नव्हत्या. लहानूभाऊने सांगितलं होतं, नवरा गेला तो परत आलाच नाही, हे गावाला माहीत आहे. मी त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलली.

२४ ऑक्टोबर

दिवाळी. रजा मागितली नाही. दादाचं पत्र: आर्वीची मंडळी डिसेंबरात येतो म्हणतात, दिल्लीचं खूळ काढून टाक, वहिनीने तुझ्यासाठी पातळ घेतलंय.

डॉक्टर गावी गेले. लहानूभाऊच्या घरून अनरसे आले. दुपारी आपांकडे गेले. अनरसे तिघांत वाटून खाल्ले. युसूफभाई म्हणाले, "इंग्रजीत याले का म्हणते?" आपांना माहीत नव्हतं, मलाही नाही. "मंग इतके दिवस काय शिकून राह्यल्या तुमी दोघी?"

खोलीवर आल्यावर एक पणती लावली. एकच होती.

नागपूर, १२ नोव्हेंबर

मुलाखत झाली. आजच लिहिते, उद्या मी ते सरळ करून टाकीन.

तिघे होते. मधल्याने विचारलं, काल तुम्ही काय केलं ते सांगा. इतकं सोपं. काल मी नदी ओलांडली होती, मूल गावच्या स्टेशनवर छोट्या गाडीची वाट बघितली होती. सगळं माहीत. तोंडात फक्त "आय". हात मांडीवर रिकामे. पंख्याचा आवाज. डावीकडच्याने घड्याळ बघितलं.

पर्समध्ये रुमाल होता, रुमालात आपांनी बांधून दिलेली कातरण. मी टेबलाच्या कडेखाली एक पान काढलं आणि वळायला लागले. आय क्रॉस्ड द रिव्हर. आय वेटेड अ‍ॅट द स्टेशन. मग थांबलेच नाही. मुंग्यांनी चाटलेल्या स्लाइडीही सांगितल्या. भूतकाळात.

मधले गृहस्थ वाकून म्हणाले, तुमच्या हातात काय आहे?

लपवता आलं असतं. मी ते टेबलावर ठेवलं. म्हटलं, बिडी आहे, सर. रिकामी आहे.

"डू यू स्मोक?"

"नो, सर. आय रोल. आय रोल्ड. आय हॅव रोल्ड. आय शॅल रोल."

तिघेही हसले. उजवीकडचे, जे तोवर बोलले नव्हते, त्यांनी ती बिडी उचलून बघितली आणि इतकी घट्ट कोणी शिकवली म्हणून विचारलं. मी म्हटलं, घट्टपणा माझा आहे, इंग्रजी माझ्या टीचरचं आहे. त्या चामोर्शीला असतात.

"माय टीचर." हे शब्द मी मराठीतही कोणासमोर कधी उच्चारले नव्हते.

१५ नोव्हेंबर, चामोर्शी

आपांना सगळं सांगितलं, इंग्रजीत, उभ्यानेच. रिकाम्या हाताने. ते सगळं सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं. सूप बाजूला ठेवून त्या बघत होत्या.

"डू यू स्मोक" त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा युसूफभाईंना बोलावून. इतक्या हसल्या की खोकला आला.

मग विचारलं, "क्या बोले? टीचर बोले?"

हो म्हटलं.

"टीचर," त्या म्हणाल्या आणि पान घेतलं.

९ डिसेंबर

आलं. निवड झाली. जानेवारीपासून दिल्ली, एक वर्ष. त्यानंतर सरकार ठेवील तिथे. डॉक्टरांनी हात जोडून अभिनंदन केलं, म्हणाले, संमती शनिवारी सकाळपर्यंत द्या, तार करतो. तुमच्या जागी कोणी येईल असं वाटत नाही, काम नागपूरला पाठवू.

मला जायचं आहे. हे नीट लिहून ठेवते, नंतर शंका नको. आर्वीला तर नाहीच.

तरी लगेच हो म्हटलं नाही. का, ते डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, शनिवारी सांगते.

लहानूभाऊ: "जा बाई, बिनधास्त जा. इथी काय आहे? मी, मुंग्या अन् मच्छर."

१० डिसेंबर

आपांना सांगितलं. "मुबारक," म्हणाल्या. पुढे सगळं त्यांच्याच बोलीत. दिल्लीत थंडी फार पडते, स्वेटर घ्या, स्टेशनवर सामानापाशी बसून राहा. मी इंग्रजीत उत्तर देत होते. त्या इंग्रजीत आल्या नाहीत.

१२ डिसेंबर

आज माझ्यापुढे सूप नव्हतं. आतल्या भिंतीला खुंटीवर टांगलेलं दिसलं. कातरण झाडून टाकलेली. मी खाली बसले, त्यांनी चहा दिला. पाहुणीला देतात तसा, बशीसकट.

त्या सवय करून घेताहेत. मी अजून इथेच आहे आणि त्यांनी सुरुवात केलीसुद्धा. कशी करायची हे त्यांना माहीत आहे, आधी एकदा केलेलं आहे. मी मात्र कोणाकडून निघायला शिकलेली नाही. वर्धेहून निघाले तेव्हा दार बंद व्हायच्या आत वळले होते, आणि पुढे खोली, दवाखाना, खोली. कोणी संध्याकाळी रस्त्याकडे बघत असेल तर काय करायचं असतं?

डॉक्टरांना एक विचारलं: ट्रेनिंगनंतर इकडचीच जागा मागता येते का. म्हणाले, मागता येते, मिळेल असं सांगता येत नाही. आणि इकडे कोण मागतं?

१३ डिसेंबर

उद्या सकाळी सांगायचं.

पाच वाजता गेले. आपांनी चहासाठी उठायला सुरुवात केली. मी म्हटलं, चहा नको. आत जाऊन खुंटीवरचं सूप काढलं, पुसलं आणि त्यांच्या समोर माझ्या जागी बसले.

"कचरा नहीं है आज," त्या म्हणाल्या. "फेंक दिए."

मी म्हटलं, मग चांगलं पान द्या.

"युसूफ चिल्लाएगा."

"चिल्लाने दो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बहुतेक मी त्यांच्या बोलीत पहिल्यांदा बोलले म्हणून. मग त्यांच्या सुपातलं एक अख्खं, नीट कापलेलं पान निवडलं आणि माझ्या सुपात ठेवलं. वर चिमूटभर तंबाखू. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

"ढीला बांधो. हवा जाने देव."

मी म्हटलं, वर्ब तुम्ही सांगा.

त्यांच्या दोन बिड्या झाल्या. ओट्यापुढून कोणाची तरी बैलगाडी गेली, धुळीत धानाचा वास.

"रिटर्न," त्या म्हणाल्या. इंग्रजीत. आणि हात थांबवून ऐकायला बसल्या.

मी पान घेतलं. आय रिटर्न. तंबाखू पसरून वळलं, थोडी मांडीवर सांडली, सांडू दिली. आय रिटर्न्ड. तोंड मोडलं. आय हॅव रिटर्न्ड.

तीन काळ झाले, "शॅल" उरलं. दोरा हातात होता, बिडी अजून बांधायची होती, आणि आपा माझ्या तोंडाकडे बघत होत्या.